खाकी शर्टावर मराठीत दोन ओळी

सोमवार, ४ सप्टेंबर २००६. दुपारी डबा खाताना ऑफिसमधल्या टीव्हीचा आवाज कुणीतरी वाढवला. मगरींवरच्या टीव्ही मालिकेमुळे जगभर गाजलेला स्टीव्ह अर्विन गेला होता. वय अवघं ४४. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ब्रिस्बेनची माणसं हवेबद्दल आणि फूटीबद्दल, म्हणजे इथल्या रग्बीबद्दल, तासन्‌तास बोलतील, पण डोळ्यांत पाणी येऊ देत नाहीत. त्या दुपारी आमच्या गोदामाचा धिप्पाड मुकादम टोपी मांडीवर ठेवून बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

आदल्याच दिवशी इथला फादर्स डे झाला होता. स्टीव्हची मुलगी बिंडी आठ वर्षांची, मुलगा रॉबर्टला अजून तीन पूर्ण व्हायची होती. जो तो आधी हेच बोलत होता.

पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफवर तो समुद्रातल्या घातक प्राण्यांवर फिल्म करत होता. हवा बिघडली, काम अडलं. मग बिंडीच्या कार्यक्रमासाठी थोडं चित्रण करू म्हणून तो उथळ पाण्यात उतरला, आणि पाकटाच्या शेपटीचा काटा त्याच्या छातीत घुसला. कोकणातल्या वाचकांना पाकट समजावून सांगायला नको. तो बिचारा अंगावर धावून येणारा मासा नव्हे. वाळूत पडून राहतो, घाबरला तरच काटा चालवतो. म्हणून तर कुणाचा विश्वास बसेना. मगरींच्या जबड्यापाशी आयुष्य काढलेला माणूस, आणि पाकटाने जावा?

आपल्याकडे त्याला ‘क्रोकोडाइल हंटर’ म्हणून ओळखतात, पण हे नाव फसवं आहे. ऐंशीच्या दशकात माणसांच्या वस्तीजवळ येणाऱ्या मगरी पकडून त्यांना दुसरीकडे सोडायचं काम त्याने इथल्या क्वीन्सलँड राज्याच्या सरकारसाठी केलं, कित्येकदा खाडीत फक्त आपल्या कुत्रीला सोबत घेऊन. नाहीतर त्या मगरींना कुणीतरी गोळी घातलीच असती. सहाव्या वाढदिवसाला त्याला अजगर भेट मिळाला होता आणि नवव्या वर्षापासून तो वडिलांच्या हाताखाली मगरी धरायला शिकला. १९९२ मध्ये टेरीशी लग्न झालं, तेव्हा मधुचंद्राऐवजी दोघं मगर पकडायला गेली. त्या चित्रणातूनच त्याची मालिका सुरू झाली.

२००४ च्या जानेवारीत महिन्याभराच्या रॉबर्टला काखेत धरून त्याने मगरीला खाऊ घातलं, तेव्हा मीही चिडलो होतो. ते मला आजही पटत नाही. पण त्याने माझ्या घरात काय बदललं हेही सांगायला हवं. साप दिसला की काठी आणा, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या वर्षी आमच्या गॅरेजमध्ये कार्पेट पायथन निघाला. हा इथला बिनविषारी अजगर, ब्रिस्बेनच्या घरांच्या छपरांत सर्रास सापडतो. माझा हात झाडूकडे गेला, आणि सहा वर्षांची लेक मधे उभी राहिली. “बाबा, तो घाबरलाय. स्टीव्ह म्हणतो, आपण मागे सरायचं.” आम्ही मागे सरलो. अजगर सावकाश कुंपणापलीकडे गेला.

सरकारी इतमामातला अंत्यविधी स्टीव्हच्या वडिलांनी नाकारला. आपला मुलगा साधा माणूस होता, म्हणाले. २० तारखेला त्याच्याच प्राणिसंग्रहालयाच्या क्रोकोसियममध्ये, म्हणजे मगरींचे खेळ दाखवायच्या मैदानात, पाच हजारांवर माणसं जमली. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. बिंडी उभी राहिली, हातातला कागद न अडखळता वाचला. माझे बाबा माझे हीरो होते, म्हणाली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. शेवटी स्टीव्हची गाडी त्याचा सर्फबोर्ड घेऊन मैदानातून बाहेर पडली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी पिवळ्या फुलांनी जमिनीवर एकच शब्द लिहिला, ‘क्रायकी’. आश्चर्य वाटलं की तो हेच म्हणायचा. आणि त्याला आश्चर्य सतत वाटायचं, आपण ज्याला किळसवाणं म्हणतो त्या प्रत्येक जिवाचं.

मधल्या काळात एक बातमी आली, ती मात्र मला झोपू देईना. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर पाकटं मेलेली सापडली, काहींच्या शेपट्या छाटलेल्या. स्टीव्हचा सूड म्हणून कुणी केलं असेल, अशी शंका होती. तसं असेल तर त्या माणसांनी त्याच्या मालिकेचा एकही भाग नीट पाहिला नाही. विषारी साप डसायला आला तरी तो म्हणायचा, चूक माझी, मी फार जवळ गेलो.

शनिवारी लेकीला घेऊन बीरवाला, त्याच्या प्राणिसंग्रहालयापाशी गेलो, उत्तरेला तासाभराचा रस्ता. फाटकाबाहेर फुलांचा खच पडला होता आणि कुंपणावर खाकी शर्ट टांगले होते, लोकांनी शाईने भरून टाकलेले. इंग्रजी, जपानी, जर्मन. एका बाहीवर जागा दिसली, तिथे मी देवनागरीत लिहिलं: “आमच्या घरात आता सापाला कुणी काठी मारत नाही. आभारी आहे रे.” पुढे सुचेना. लेकीने मार्कर मागून घेतला आणि खाली मगर काढली. शेपूट कापडावर मावेना, म्हणून ती शेजारच्या शर्टावर नेली.