फक्त गरम पाणी ओतायचे जेवण: पाचव्या मिश्रणाची नोंद

डोंगरातल्या भटकंतीसाठी सुकवलेल्या जेवणाचे चौथे मिश्रण घरी दोनदा उत्तम जमले होते आणि तरीही सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या मुक्कामात ते फसले. भात आणि मसूर खाण्याजोगे झाले, पण गाजराचे तुकडे चामट राहिले आणि मटार छर्र्‍यांसारखे टणक निघाले. दिवसभराच्या चालीनंतर असे जेवण पुढ्यात आले की मन फार खट्टू होते, म्हणून परतल्यावर पहिल्यांदा कारण शोधायला बसलो. समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी दर 300 मीटर उंचीमागे साधारण एक अंश कमी तापमानाला उकळते. म्हणजे तिथे पिशवीत ओतलेले आधण मुळातच 90 अंशांचे होते आणि वाऱ्यामुळे ते झपाट्याने निवतही होते. घरच्या चाचण्या मात्र मी खळखळत्या पाण्यावर घेत होतो. आता पाणी थर्मामीटरवर 90 अंशांपर्यंत उतरू देतो आणि मगच ओततो.

पाचव्या मिश्रणात सुकवलेला भात 70 ग्रॅम, शिजवून सुकवलेली मसूर 30 ग्रॅम, भाज्या 15 ग्रॅम आणि मीठ-मसाला 5 ग्रॅम असे प्रमाण आहे. भात शिजला की लगेच ट्रेवर एकेरी थरात पसरतो, कारण ओला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. डिहायड्रेटर, म्हणजे अन्न सुकवण्याचे यंत्र, 57 अंशांवर ठेवून दर दोन तासांनी ट्रे बाहेर काढतो आणि गुठळ्या बोटांनी मोकळ्या करतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या गुठळीच्या पोटात ओल हमखास दडून राहते. दाणा पुरता वाळला की काचेसारखा पारभासक दिसतो, दाताखाली कटकन तुटतो आणि बरणीत टाकताना खणखणतो.

खरा फरक भाज्यांमध्ये पडला. गाजर या वेळी किसून घेतले. मटार आधी गोठवले आणि मग सुकवले. गोठताना होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशींच्या भिंती फाटतात, त्यामुळे पाणी आधी सहज बाहेर पडते आणि पुढे तितक्याच सहज आत शिरते. 90 अंशांचे 300 मिलिलिटर पाणी ओतून पिशवी जाड कापडी वेष्टनात गुंडाळली. दहाव्या मिनिटाला मटार बोटाने सहज चेपला गेला, पण भातात बारीक कणी होती. पंधराव्या मिनिटाला तीही गेली. मिश्रण थोडे पातळ वाटले, तेव्हा पुढच्या वेळी पाणी 280 मिलिलिटर घेईन.

तेल मिश्रणात घालायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. स्निग्धांश वाळत नाही, साठवणीत हवेशी संयोग होऊन तो खवट होतो आणि एका पिशवीचा वास साऱ्या शिध्याला लागतो. छोट्या बाटलीतून 15 मिलिलिटर तेल वेगळे नेले आणि भिजलेल्या जेवणात ढवळले, तर सुमारे 120 किलोकॅलरी वाढतात. थंडीत त्यांचा मोठा आधार वाटतो.

वाळवलेले घटक लगेच पिशव्यांत भरण्याची घाई आता सोडली आहे. काचेची बरणी दोनतृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवतो आणि काचेवर बाष्प दिसले तर सगळे पुन्हा डिहायड्रेटरमध्ये घालतो. परवा मटारांच्या बरणीत झाकणाखाली दोन थेंब दिसले, त्यामुळे ती बरणी आणखी तीन तास वाळवावी लागली.

सहाव्या मिश्रणात कमी चरबीचा गोमांसाचा खिमा घेणार आहे. तो सुकवण्याआधी आतून 71 अंशांपर्यंत शिजवायचा आणि शिजवण्यापूर्वी त्यात पावाचा चुरा मिसळायचा, म्हणजे वाळल्यावर त्याचे दगडी गोळे न होता पाणी आतपर्यंत पोहोचेल. चाचणी 90 अंशांच्याच पाण्यावर होईल, आणि या वेळी पिशवी घरात न ठेवता रात्रीच्या गारव्यात उघड्यावर ठेवीन.