विजेचा फोटो कॅमेऱ्यालाच काढू द्या

वळवाच्या दिवसांत, दुपारनंतर पूर्वेला ढग दाटायला लागले की मी मोबाईल बाजूला ठेवते आणि कपाटातला कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस काढते. २००८ सालचा कॅमेरा, आठ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वीज चमकली की तो आपला आपण फोटो घेतो. कंपनीने दिला तेव्हा ही सोय त्यात नव्हती. ती आली सीएचडीकेमुळे, म्हणजे कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट. हौशी प्रोग्रामर मंडळींनी लिहिलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर.

फर्मवेअरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावायचा म्हटलं की लोक बिचकतात. पण इथे मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. सीएचडीके एसडी कार्डावर राहतं, कॅमेरा सुरू होताना मेमरीत चढतं आणि बंद केला की निघून जातं. सगळी किमया कार्डाच्या कडेला असलेल्या लॉकच्या छोट्या खटक्यात आहे. कार्ड बूटेबल करून, म्हणजे कॅमेरा त्यावरून सुरू होईल असं करून, त्यावर डिस्कबूट डॉट बिन ही फाइल टाकायची आणि खटका लॉकवर सरकवायचा. कार्ड लॉक दिसलं की कॅमेरा ती फाइल उचलतो. लॉक असूनही फोटो कार्डावर व्यवस्थित उतरतात. खटका परत सरकवला की कॅमेरा पहिल्यासारखा.

एक गोष्ट नीट बघायची, ती म्हणजे आपल्या कॅमेऱ्याची फर्मवेअर आवृत्ती. ए५९० मध्येच १००ई आणि १०१बी असे दोन प्रकार आहेत, आणि एकाचं सीएचडीके दुसऱ्यावर चालत नाही. कार्डही जुनं, लहान घ्यावं. चार जीबीपेक्षा मोठं असलं तर या पिढीच्या कॅमेऱ्यांसाठी पार्टिशनची, म्हणजे कार्डाचे दोन भाग पाडायची, खटपट करावी लागते.

आता वीज. मोशन डिटेक्शनची, म्हणजे समोरचा बदल टिपणारी, स्क्रिप्ट (सीएचडीकेवर चालणारा छोटा प्रोग्राम) स्क्रीनचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला उजेड सतत तपासत राहते. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे उजेड बदलला की शटर उडतं. मग तोवर वीज संपत नाही का? बऱ्याचदा नाही. आपल्याला एकच लखलखाट वाटतो, पण एका विजेत बहुतेक वेळा त्याच वाटेने एकामागोमाग अनेक झटके येतात, म्हणून तर ती थरथरल्यासारखी दिसते. पहिला झटका कॅमेऱ्याला जागं करतो, पुढचे फोटोत येतात. मी मॅन्युअल मोड ठेवते, फोकस अनंतावर, फ्लॅश बंद, शटर एक सेकंदाच्या आसपास. प्रिंटचं बटण दाबलं की सीएचडीकेचा मोड येतो, मग शटर पूर्ण दाबलं की स्क्रिप्ट सुरू.

आणि मी घरात येते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. आमच्याकडे तासगावला गच्चीवर उभं राहिलं की आई हाक मारते, "आत ये गं, वीज पडेल!" तिचं बरोबरच आहे, वळवात दरवर्षी रानात माणसं विजेने दगावतात. ट्रायपॉड पत्र्याखाली लावायचा, दार लावून घ्यायचं, बाहेर थांबायचं काम कॅमेऱ्याचं. सेल मात्र चार्ज होणारे, चांगले घ्या, कारण स्क्रीन सारखी चालू राहते.

बाकीही पुष्कळ आहे. एरवी फक्त जेपेग देणारा हा कॅमेरा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, देतो, त्यामुळे काळ्या ढगांतले पदर नंतर उघडता येतात. शटर मूळ पंधरा सेकंदांवर अडतं, ते ६४ सेकंदांपर्यंत आणि पुढेही जातं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी बलूनला बांधून सुमारे २८ किलोमीटर उंच पाठवलेल्या साध्या पॉवरशॉटमध्येही सीएचडीकेच होतं.

हे सगळं उभं करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. कॅमेऱ्याच्या आतला कोड बाहेर काढायला कंपनीने वाट ठेवलेली नव्हती. त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा एलईडी लुकलुकवून एकेक बिट बाहेर आणला आणि समोर प्रकाशाचा सेन्सर धरून, साउंड कार्डातून तो संगणकावर नोंदवून घेतला. त्यावरून प्रत्येक मॉडेलचं आणि प्रत्येक आवृत्तीचं काम कुणीतरी घरी बसून वेगळं केलंय. कपाटात एखादा पॉवरशॉट पडून असेल, तर भंगारात टाकण्याआधी त्याचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, तेवढं बघा.