हायवे २६ वरून पुलमनला

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार. सकाळी साडेसातला सिॲटलजवळच्या बॉथेलहून आम्ही निघालो. पुलमनचा अमेरिकन फुटबॉलचा सामना संध्याकाळी सातला, तोही कामाच्या दिवशी आणि साडेचारशे किलोमीटर लांब. पुतणीने ऑफिसात रजा टाकली होती.

"शनिवारी ठेवता येत नाही का?" मी विचारलं.

"आत्या, वेळ टीव्हीवाले ठरवतात. शनिवारी मोठ्यांची गर्दी असते. शुक्रवारी रात्री जागा रिकामी असते, ती आम्हाला मिळते."

पुतणी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची. पदवी घेऊन चार वर्षं झाली तरी दर हंगामात दोन-तीनदा पुलमनला जातेच. मला अमेरिकन फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. पण आदल्या वर्षी तिच्या विद्यापीठाचं जे झालं, ते तिने फोनवर रडत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते गाव एकदा बघायचं होतं.

स्नोक्वॉल्मीचा घाट ओलांडला की हळूहळू हिरवं झाड दिसेनासं होतं. व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल लागतो. दोन्ही काठांना काळ्या कातळाचे पायऱ्यापायऱ्यांचे थर. मी गाडी थांबवायला लावली. सह्याद्रीच्या कड्यांसारखाच बेसाल्ट आहे हा, लाव्हा थरावर थर साचून झालेला. आपला दख्खनचा ६ कोटी वर्षांहून जुना, हा दीड-पावणेदोन कोटींचा. त्या मानाने कोवळाच.

पुलानंतर हायवे २६ लागतो. सरळ, दुपदरी, मध्ये ऑथेलो, वॉशटक्ना, डस्टी अशी विखुरलेली गावं. इथून पुढे मागच्या-पुढच्या गाड्यांच्या खिडक्यांवर विद्यापीठाचे किरमिजी झेंडे दिसायला लागले. पुतणी प्रत्येकाला हॉर्न देत होती आणि पलीकडूनही उत्तर येत होतं. मी मालवणची. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईहून निघालेल्या गाड्यांत लहानपणापासून बसलेय. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल मिळाला की गाव ती ठरवतं, आणि मग चाकरमानी रजा टाकून वाट धरतात. डस्टीच्या पेट्रोल पंपावर कॉफी घेताना म्हातारे, पोरं, तान्ही बाळं, सगळी एकाच रंगाच्या कपड्यांत बघितली आणि मला ही माणसं ओळखीची वाटली.

कोलफॅक्स हे जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. पुतणीने मुद्दाम तिथल्या कोर्टासमोर गाडी उभी केली. "इथे आम्ही जिंकलो," ती म्हणाली.

काय जिंकले, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. आपापसांत सामने खेळायचे, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, आलेले पैसे वाटून घ्यायचे. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ ची, म्हणजे पुतणीच्या विद्यापीठाच्या गटाची, मुळं १९१५ पर्यंत जातात. प्रत्येक सभासदाला वर्षाला ३ कोटी डॉलरच्या वर वाटा मिळत होता. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलएने, बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेन हा मूळचा मिडवेस्टचा गट. त्याच उन्हाळ्यात त्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी ७ वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. लॉस एंजेलिस गेल्यावर पॅक-१२ च्या हक्कांना तसा भाव कोण देणार? वर्षभर बोलणी चालली. शेवटी हाती आला तो ॲपलचा प्रस्ताव: ठरलेली रक्कम कमी, आणि जितके प्रेक्षक वर्गणी भरतील तितके पुढचे पैसे. म्हणजे चाहत्यांच्या संख्येवर लावलेली पैजच. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी सगळे त्यावर सही करतील अशी आशा होती. त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन (म्हणजे सिॲटलचं विद्यापीठ, पुतणीचं नव्हे) बिग टेनकडे गेले, ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आणि युटा बिग १२ नावाच्या गटाकडे. कॉलोराडो आठवडाभर आधीच गेलं होतं. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली थेट अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी ह्या गटात. बारांपैकी दोन उरले: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

जाणारे दहा जण जाता जाता गटाच्या कारभारावर आणि पैशांवर हक्क सांगत होते. उरलेल्या दोघांनी त्यांना कोर्टात खेचलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोलफॅक्सच्या ह्या कोर्टाने कारभार दोघांच्या हाती दिला, आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पुतणी कोर्टाच्या पायरीवर हात टेकवून आली.

पुलमनमध्ये खोली मिळाली नव्हती, म्हणून १३ किलोमीटर पुढे, आयडाहो राज्यात मॉस्को नावाच्या गावी उतरलो. वाटेवर पलूसच्या टेकड्या. वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या, अंगावर नांगराच्या रेघा असलेल्या गोल गोल टेकड्या. गव्हाची कापणी होऊन गेलेली, नुसते पिवळे खुंट. गव्हाबरोबर इथे मसूर आणि काबुली चणाही पिकतो. २०१९ साली भारताने अमेरिकेच्या मसूर, चणे आणि सफरचंदांवर जादा शुल्क लावलं होतं, ते सप्टेंबर २०२३ मध्ये उठलं. पुण्यातल्या माझ्या डब्यातली मसूर कुठून येते हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

मॉस्कोत आयडाहो विद्यापीठ आहे, आणि मला वाटतं ह्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं ठिकाण तेच. किबी डोम हे त्यांचं छप्पर असलेलं, सोळा हजारांच्या आसपास आसनांचं स्टेडियम आम्ही दुपारी बाहेरून पाहिलं. आयडाहो एके काळी ह्याच पश्चिम किनाऱ्याच्या गटात होतं. १९५९ मध्ये तो जुना गट मोडला. नवा उभा राहिला त्यात पुढे वॉशिंग्टन स्टेटला जागा मिळाली, आयडाहोला नाही. मग गटागटांतून फिरत फिरत २०१७ च्या हंगामानंतर सन बेल्ट कॉन्फरन्सनेही दार बंद केलं, आणि २०१८ पासून आयडाहो आपणहून खालच्या श्रेणीत उतरलं. असं करणारं ते पहिलं विद्यापीठ. १९३८ पासून तीस वर्षं इथे एक प्रथा होती. दोन्ही गावांचा सामना झाला की हरलेल्या बाजूच्या विद्यार्थ्यांनी जिंकलेल्यांच्या आवारापर्यंत चालत जायचं. आम्ही आलो त्याच रस्त्याने. एवढी जवळीक, आणि आज दोघांत एका श्रेणीचं अंतर आहे.

संध्याकाळी पाचला परत पुलमन. फर्डिनंड्स ह्या दुकानात विद्यापीठाच्याच गाईंच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं, पण ते बंद झालं होतं. कूगर गोल्ड नावाचं चीजही इथलंच (कूगर हे इथल्या संघाचं नाव), ते पत्र्याच्या डब्यात भरतात. एका काकूंनी आपल्या डब्यातलं कापून आम्हाला दिलं. त्या यकिमाहून आल्या होत्या, चाळीस वर्षं येताहेत. "वेळ कधीही ठेवा, आम्ही येणार," असं त्या म्हणाल्या.

मला वाटतं गोम इथेच आहे. पुलमनची वस्ती साधारण ३३ हजार आणि स्टेडियमची आसनंही जवळपास तेवढीच. काकूंसारखी माणसं कुठल्याही वेळी, कुठल्याही चॅनलवर येणारच. टीव्ही पैसे मोजतो ते दुसऱ्याच माणसासाठी: ज्याचं ह्या गावाशी काही नातं नाही, पण मोठं नाव दिसलं तर जो शनिवारी दुपारी सोफ्यावर थांबेल. केबलच्या काळात हिशोब आणखी उघड होता. २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँडला घेतलं, तेव्हा न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन डीसीच्या परिसरातली केबलची घरं हवी होती. त्या घरांतले लोक सामना बघोत न बघोत, महिन्याच्या बिलात चॅनलचे पैसे जात होते. केबल सुटत चालली तसं घरांपेक्षा बघणारे डोळे महत्त्वाचे झाले.

त्या रात्रीचा पाहुणा संघ होता सॅन होजे स्टेट. सिलिकॉन व्हॅलीचा, देशातल्या मोठ्या टीव्ही बाजारपेठांपैकी एकीतला. आठच दिवसांपूर्वी, १२ सप्टेंबरला, पॅक-१२ ने स्वतःला पुन्हा उभं करण्यासाठी माउंटन वेस्ट गटातून चार विद्यापीठं ओढली: बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कॉलोराडो स्टेट, सॅन डिएगो स्टेट. सॅन होजेही त्याच गटातलं, पण त्याला बोलावणं आलं नाही. बॉइझी आणि फ्रेझ्नो ही काही महानगरं नाहीत. तिथे लोक मैदान भरतात. सॅन होजेच्या आजूबाजूला लाखो टीव्ही आहेत, पण त्यांच्यावर हा संघ लागत नाही. म्हणजे चाहत्यांना किंमत आहे, फक्त ती गाव तगवण्यापुरती नाही, विकता येण्यापुरती आहे.

ह्याबद्दल पुतणीला टोचणी होती. "आमच्याशी केलं तेच आम्ही त्यांच्याशी केलं," ती मध्यंतरात म्हणाली. मी म्हटलं, तुमच्यापुढे दुसरा रस्ता काय होता? तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. मलाही माझं उत्तर पुरेसं वाटत नाही.

सामना मात्र असा झाला की नियम न कळणारी मी दोन तास उभीच होते. सहा दिवसांपूर्वी वॉशिंग्टन स्टेटने सिॲटलमध्ये वॉशिंग्टनला, बिग टेनमध्ये गेलेल्या शेजाऱ्याला, ॲपल कप ह्या दोघांच्या सामन्यात २४-१९ हरवलं होतं, त्यामुळे गर्दी आधीच तापलेली. जॉन मटीर हा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू कधी फेकत, कधी स्वतःच धावत होता. बरोबरी झाली, जादा वेळ झाला, दुसरा जादा वेळ झाला. ५४-५२. वॉशिंग्टन स्टेट जिंकलं. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. हे सामने पुण्यात मी कधी बघणार नव्हते, आणि तरी माझे डोळे भरून आले.

झोपायला एक वाजला. सहाला पुतणीने हलवून उठवलं. "आत्या, झेंडा!"

ईएसपीएन ह्या खेळांच्या चॅनलवर शनिवारी सकाळी कॉलेज गेमडे हा कार्यक्रम लागतो, दर आठवड्याला वेगळ्या विद्यापीठातून. ऑक्टोबर २००३ पासून त्याच्या प्रत्येक भागात निवेदकांच्या मागच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकतो. सामना कुणाचाही असो, चाहते एकमेकांना कुरियरने झेंडे पाठवतात आणि त्या गावी कुणीतरी पहाटे जाऊन उभं राहतं.

त्या दिवशी कार्यक्रम ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून होता. ओक्लाहोमा विद्यापीठाचा साउथईस्टर्न कॉन्फरन्समधला तो पहिलाच सामना, तेही त्याच उन्हाळ्यात जुना गट सोडून तिकडे गेलेलं. आणि १९८४ मध्ये ज्या खटल्याने टीव्हीचे हक्क एनसीएए ह्या कॉलेज-खेळांच्या देशव्यापी संस्थेच्या मुठीतून सुटून विद्यापीठांच्या आणि गटांच्या हाती आले, तो सर्वोच्च न्यायालयातला खटलाही ओक्लाहोमाच्याच विश्वस्तांचा. पुढची सगळी पळापळ तिथून सुरू होते. डिसेंबरमध्ये मटीरसुद्धा पुलमन सोडून ओक्लाहोमाला गेला, ते मला पुण्यात परतल्यावर पुतणीच्या मेसेजवरून कळलं.

पण त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं. मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत पंधरा-वीस जण किरमिजी शर्टांत, हातात वाफाळते कप घेऊन टीव्हीकडे तोंड करून उभे होते. कॅमेरा गर्दीवरून फिरला. उजव्या कोपऱ्यात, लांब काठीवर, तो दिसला.

"गो कूग्ज," सगळे हळूच म्हणाले. कारण वरच्या मजल्यावर लोक अजून झोपलेले होते.