चार किरण आणि लाल पेन्सिल

टोरिक व्हरायटीवरची (किरण आणि शंकूंच्या चित्रातून मांडता येणाऱ्या भौमितिक आकारावरची) कोहोमॉलॉजी, म्हणजे आकाराचे तुकडे जोडताना काय जुळतं आणि काय अडतं ते मोजणाऱ्या व्हेक्टर स्पेस, शिकायची तर आधी चेख कॉम्प्लेक्स (तुकडे आणि त्यांचे छेद घेऊन ती काढायची रीत) हाताने मांड, असं सरांनी बजावलं होतं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरी जेवणं आटोपली की मी वही उघडून बसायचो. उदाहरण अगदी साधं, दोन प्रोजेक्टिव्ह रेषांचा गुणाकार. त्याचा फॅन म्हणजे चार दिशांचे चार किरण आणि शेजारच्या किरणांमधले चार शंकू. दर शंकूमागे एक असे चार अफाईन (साध्या, सपाट अवकाशासारखे) तुकडे, सहा दुहेरी छेद, चार तिहेरी, एक चौहेरी. आणि प्रत्येक ठिकाणी अनंत मितींची व्हेक्टर स्पेस! नुसती हमाली.

वाट सापडली विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात. टोरसच्या (व्हरायटीच्या अंगभूत सममितींच्या गटाच्या) क्रियेमुळे सगळा हिशेब लॅटिसच्या (पूर्णांक बिंदूंच्या जाळीच्या) एकेका बिंदूपुरता सुटा करता येतो. डिव्हायझर, म्हणजे ज्याची कोहोमॉलॉजी काढायची तो, प्रत्येक किरणाला एक पूर्णांक देतो. बिंदूचा किरणाशी अंतर्गुणाकार त्या पूर्णांकाचं चिन्ह बदलून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान आला, की तो किरण लाल. एकाच शंकूतले लाल किरण जोडायचे आणि चित्राकडे बघायचं. काहीच लाल नसेल तर शून्यावी कोहोमॉलॉजी, दोन सुटे तुकडे असतील तर पहिली, बंद कडं झालं तर दुसरी.

बहिणीची आलेखवही ढापली. पूर्वेच्या किरणाला उणे २, बाकीच्यांना शून्य. बिंदू (१, ०) घेतला, तर पूर्व-पश्चिम लाल, उत्तर-दक्षिण कोरे. दोन सुटे ठिपके, म्हणजे पहिल्या कोहोमॉलॉजीत १ मिती. (१, १) घेतला, तर दक्षिणही लाल होते, दोन्ही ठिपके तिच्यातून जोडले जातात आणि सगळं शून्य. बाकीच्या बिंदूंवरही तेच. म्हणजे एकूण उत्तर १. मॅकॉले २ या बीजगणिताच्या संगणकप्रणालीत टाकून पाहिलं, तिथेही १. इतक्यासाठी मी आधी अर्धी वही काळी केली होती!

गणिती देमाझूर यांचं १९७० चं प्रमेयही मला या चित्रातूनच पटलं. कंप्लीट व्हरायटीवर (जिच्या फॅनने सगळ्या दिशा व्यापल्यात) डिव्हायझर नेफ (कुठल्याही वक्राशी ऋण छेदसंख्या न देणारा) असेल, तर लाल भाग बहिर्वक्र निघतो. त्यात फट कुठून पडणार? शून्याव्यापलीकडची कोहोमॉलॉजी गायब, उरतं ते पॉलिटोपमधले (डिव्हायझरच्या पूर्णांकांनी ठरणाऱ्या बहुपृष्ठकातले) लॅटिसबिंदू मोजणं. पुस्तकातली सिद्धता याआधी वाचली होती, पण ती नुसती पाठ झाली होती.

आता सरांनी त्रिमितीतला फॅन दिलाय. तो आलेखवहीत काही मावत नाही, म्हणून प्लास्टिकच्या चेंडूवर स्केचपेनने किरणांची टोकं मांडतोय. पुसायला ओलं फडकं बरं पडतं.