स्पॅनिशमधलं माझं-तुझं शिकताना आलेला अनुभव

डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए२, म्हणजे खालून दुसऱ्या लेव्हलची तयारी करत होते तेव्हाची गोष्ट. क्रियापदांचं टेन्शन होतं, माझं-तुझं-त्याचं सोपं जाईल असं वाटलेलं, पण अडकले नेमकी तिथेच.

पहिला गोंधळ कानाचा. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझं आणि 'तू' म्हणजे तुझं, आणि वर 'तू' म्हणजे आपलं तू पण, फक्त लिहिताना या दुसऱ्या तूच्या उ वर तिरकी रेघ येते. 'मी कासा' म्हणजे माझं घर, पण मराठी कानाला ते 'मी घर' असंच ऐकू येतं. आठवडाभर मी स्वतःबद्दल बोलताना 'यो' (स्पॅनिशमधलं मी) ऐवजी 'मी' म्हणत होते.

नुएस्त्रो मात्र लगेच जमलं. आमचा भाऊ नुएस्त्रो एर्मानो, आमची बहीण नुएस्त्रा एर्माना, म्हणजे शेवट वस्तूप्रमाणे बदलतो, मालकाप्रमाणे नाही, आणि हे तर आपण जन्मापासून करतोय ना! पण मग मी हे सगळीकडेच लावायला गेले आणि 'मा एर्माना' असलं काहीतरी बोलून बसले. मी, तू आणि सु (त्याचं, तिचं) यांना लिंगच नाही, फक्त अनेकवचन होतं: मीस, तूस, सुस. एकवचनात भाऊ असो की बहीण, मीच.

खरा त्रास 'सु'चा. त्याचं, तिचं, त्यांचं, आदरार्थी तुमचं, सगळ्याला एकच शब्द! मला वाटलं सु म्हणजे त्याचं आणि सुस म्हणजे त्यांचं. साफ चूक. समजा कुणाच्या मुलांबद्दल बोलायचंय, तर मुलं एकापेक्षा जास्त असली की सुस, मग आईबाप एक असोत की दहा. ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडम कोलंबियाच्या, तोंडी परीक्षेला फोटोचं वर्णन करावं लागतं म्हणून त्यांनी घरचा फोटो दाखवायला सांगितला, मी म्हटलं 'मी एर्मानो इ मी प्रिमा कोन सुस इहोस', माझा भाऊ आणि चुलतबहीण मुलांबरोबर. मॅडमनी विचारलं, मुलं कोणाची, त्याची, तिची की दोघांची? होती चुलतबहिणीची. तेव्हा कळलं की घोळ होणार असेल तर 'लोस इहोस दे एया' म्हणायचं, म्हणजे सरळ 'तिची मुलं'. आणि स्पेनमध्ये जवळच्या एकाहून जास्त माणसांना 'तुमचं' म्हणायला वुएस्त्रो आहे, लॅटिन अमेरिकेत तिथेही सु, त्यामुळे मॅडम बोलायला लागल्या की मी आधी संदर्भ शोधायचे.

एक गोष्ट फार आवडली. 'मे लावो लास मानोस', मी हात धुते. इंग्रजीच्या सवयीने मी 'मीस मानोस' म्हणत होते, मराठीत विचार केला असता तर चुकलंच नसतं, आपण कुठे 'मी माझे हात धुते' म्हणतो? तसंच 'मे दुएले ला काबेसा', शब्दशः 'मला डोकं दुखतं'. त्या दिवसापासून मी इंग्रजी अर्थ वहीतून काढून टाकले, समोर थेट मराठी लिहायला लागले, आणि चुका खरंच कमी झाल्या.

एक मात्र अजून खटकतं. आमचं आणि आपलं, दोन्हीला नुएस्त्रोच. मॅडमना 'हे आपलं घर' सांगायचं होतं, त्यांनाही त्यात धरून, आणि शब्दच सापडेना, शेवटी 'नुएस्त्रा कासा, तांबिएन दे उस्तेद' म्हटलं, म्हणजे आमचं घर, तुमचंसुद्धा.