पुन्हा पुन्हा बघावेत असे सामने, आणि खुर्चीतला माणूस

शुक्रवार, रात्री उशिरा

आज पुन्हा २००५ची फायनल लावली. तैवानमधलं काओश्युंग, नाइन-बॉलची, म्हणजे पूलच्या टेबलावर नऊ बॉलनी खेळायच्या खेळाची, जागतिक स्पर्धा, वू जिआ-चिंग विरुद्ध कुओ पो-चेंग. दोघेही तैवानचेच. वू तेव्हा फक्त १६ वर्षांचा. जो आधी १७ रॅक (एकेक डाव) जिंकेल तो विश्वविजेता, आणि कुओ १६-१२ने पुढे होता. त्याला एकच रॅक हवा होता. तिथून वूने सलग पाच रॅक काढले आणि १७-१६ने सामना मारला.

घरात विचारतात, निकाल पाठ आहे तर परत काय बघायचं? पहिल्यांदा बघितला तेव्हा माझे डोळे वूवरून हटत नव्हते. एवढंसं पोर, आणि इतकं थंड डोकं! आता मात्र मी कुओकडे बघतो. १६-१२, १६-१३, १६-१४. कॅमेरा त्याच्यावर गेला की मी पुढे सरकून बसतो. आपला एक रॅक बाकी आहे हे त्याला माहीत आहे, आणि तो रॅक काही येत नाही.

पूलमध्ये हे फार क्रूर आहे. बॅडमिंटनमध्ये समोरच्याने कितीही जोरात मारलं तरी शटल तुमच्याकडे येतंच, निदान रॅकेट तरी घालता येते. इथे दुसरा टेबलावर असताना तुम्ही फक्त बसायचं. नाइन-बॉलमध्ये टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर असेल त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर नियमात पॉट झाला, म्हणजे पॉकेटात गेला, की रॅक संपला. चांगला खेळाडू ब्रेकपासून, म्हणजे रॅकच्या पहिल्या शॉटपासून, नऊपर्यंत एका दमात जातो. म्हणजे काहीही चूक न करता, जागचं न उठता, तुम्ही रॅक हरू शकता. त्यात रॅक काही मिनिटांचाच. बसून बसून हात गार पडलेला असतो, आणि अचानक समोरचा एखादा बॉल चुकवतो. की उठा, टेबलाला एक चक्कर मारा, आणि पहिलाच शॉट अचूक मारा. तो मिळालेला एक शॉट गेला तर पुन्हा खुर्ची.

आमच्या क्लबात बिलियर्ड्सचं जुनं टेबल आहे. तिथे येणाऱ्या एका ज्येष्ठ काकांनी विल्सन जोन्स यांचा खेळ प्रत्यक्ष बघितलेला. जोन्स पुण्याचे, १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, कुठल्याही वैयक्तिक खेळात भारताचे पहिले. काका म्हणायचे, "बाळा, खेळायला कोणीही शिकवेल. बसायला शीक." त्या वयात मला ते कंटाळवाणं वाटायचं. कुओला बघताना काकांची फार आठवण येते.

शनिवार

पाऊस, त्यामुळे बाहेर जाणं रद्द. दुपारभर एफ्रेन रेयेस.

रेयेस फिलिपिन्सचा, पाम्पांगा प्रांतातला. त्याला जादूगार म्हणतात ते उगाच नाही. हे सामने आज बघायला मिळतात याचं बरंचसं श्रेय पॅट फ्लेमिंग यांच्या अॅक्यू-स्टॅट्सला. त्या काळात टीव्हीवाले पूलला फारसं विचारत नव्हते, तेव्हा या लोकांनी कॅमेरे लावून, टेप भरून सामने जपले. शिवाय खेळाडूंच्या चुका मोजून आकडे काढायची पद्धतही त्यांनी बसवली. माझ्यासारख्या पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत.

तर १९९५, रीनो, सँड्स रीजन्सी ओपनची फायनल. रेयेस विरुद्ध अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, १२-१२. शेवटचा रॅक. स्ट्रिकलंडने पाच नंबर असा दडवला की रेयेसला तो सरळ लागूच नये. अशा वेळी आपल्यासारखा माणूस देवाचं नाव घेऊन कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारतो आणि बॉलला नुसता लागला तरी खूश होतो. रेयेसने दोन कुशन घेतली. पांढरा बॉल टेबलावर झेड अक्षर काढत गेला आणि पाच नंबर थेट पॉकेटात. वर पुढच्या बॉलसाठी जागाही झाली. तिथून त्याने रॅक साफ केला, १३-१२.

हा शॉट मी किती वेळा मागेपुढे करून बघितला असेल. सगळे रेयेसची क्यू बघतात, आणि ती बघण्यासारखीच आहे. लांबलचक, सैल स्ट्रोक. मनगट असं हलतं की पुस्तकात शिकवलेलं सगळं खोटं वाटावं. पण स्ट्रिकलंडच्या बाजूने विचार करा. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडकवायला मारलेला शॉट, चांगली होती. दहातल्या नऊ वेळा त्या सेफ्टीने तो सामना जिंकला असता.

पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये याच दोघांचा 'कलर ऑफ मनी' हा सामना झाला. आधी १२० रॅक जिंकेल तो विजेता, तीन दिवस, एक लाख डॉलर, सगळे जिंकणाऱ्याला. स्ट्रिकलंड एका टप्प्यावर १७ रॅकनी पुढे होता. शेवटी रेयेस १२०-११७. म्हणजे एकूण २३७ रॅक, आणि फरक तीनचा.

हा सामना एका बैठकीत बघण्याचा नाही. मी तो तुकड्या-तुकड्यांनी बघतो, आणि बहुतेक वेळा मधलाच भाग, जिथे रेयेस मागे आहे. दोघांच्या बसण्यातला फरक तिथे डोळ्यांत भरतो. स्ट्रिकलंडचा खेळ वेगवान, स्वभाव तापट. त्याच्या मनात काय चाललंय ते सगळं चेहऱ्यावर दिसतं. खेळत असतानाही तो पेटलेला, खुर्चीतही पेटलेला. रेयेस मागे असो वा पुढे, चेहरा तोच. ज्यांना स्ट्रिकलंड आवडत नाही त्यांच्याशी माझं जमत नाही. एवढा जीव लावून खेळणारा माणूस बसून राहिला की त्याची तगमग होणारच. तीन दिवस जवळजवळ पूर्ण वेळ पुढे राहून शेवटी हरणं म्हणजे काय, हे त्याच्याकडे बघून कळतं. रेयेसचा मी भक्त आहे, पण हा सामना मला स्ट्रिकलंडमुळे बघावासा वाटतो.

रविवार

आज जे बघितलं ते लिहून ठेवायलाच हवं.

२००२, कार्डिफ. पुन्हा जागतिक स्पर्धेची फायनल, पुन्हा स्ट्रिकलंड, आणि समोर फ्रान्सिस्को बुस्तामांते. हाही फिलिपिन्सचा, रेयेसचा जोडीदार. बुस्तामांते शॉटची तयारी करताना क्यूचं टोक पांढऱ्या बॉलच्या अगदी खाली, कापडाजवळ धरतो आणि ऐन वेळी हवं तिथे मारतो. मी प्रयत्न केला की कापडाची भीती वाटते. त्याच स्पर्धेच्या दिवसांत त्याची तान्ही मुलगी गेली. घर हजारो मैलांवर. तो खेळत राहिला आणि फायनलला पोहोचला. १७-१५ने हरला.

स्कोअर बघा, फक्त दोन रॅक. हा सामना मी नेहमी बघत नाही. बघवत नाही. पण बघितला की त्याच्या पाठोपाठ २०१०चा लावतोच.

२०१०, दोहा. बुस्तामांते आता चाळिशी ओलांडलेला. फायनलला पोहोचला आणि १३-७ने जिंकला. आठ वर्षांनी तो विश्वविजेता झाला. समोर कोण होतं? कुओ पो-चेंग. तोच, २००५मध्ये १६-१२ने पुढे असलेला.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी व्हिडिओ थांबवला होता. बुस्तामांतेसाठी इतका आनंद, आणि त्याच क्षणी कुओसाठी पोटात खड्डा. दोघेही आधीची एकेक फायनल हरलेले, दोघांचंही त्या चषकावर सारखंच मन. आज एकाला मिळणार, आणि दुसरा परत खुर्चीत. २००५ बघितल्याशिवाय २०१० बघणाऱ्याला ही फायनल एकतर्फी वाटेल, सहा रॅकचा फरक, चला पुढे. मला ती सगळ्यात अवघड वाटते.

अलीकडचेही सामने चांगले आहेत. २०२४ला जेद्दाहमध्ये जागतिक फायनलला फेदोर गोर्स्ट आणि एक्लेंट काची १५-१४पर्यंत गेले, शेवटचा रॅक गोर्स्टचा. पुढच्या वर्षी तिथेच कार्लो बियादोने गोर्स्टला १५-१३ने हरवलं. बियादोचं २०२१चं यूएस ओपन तर जरूर बघावं, अॅलॉयशियस यॅपविरुद्ध ३-८ने मागे असताना सलग दहा रॅक काढून १३-८. पण हे सामने अजून माझ्यात मुरलेले नाहीत. त्यांच्यासाठी काही वर्षं जावी लागतील, त्या खेळाडूंच्या पुढच्या फायनली व्हाव्या लागतील.

एका जोडीबद्दल मात्र आत्ताच सांगता येतं. शेन व्हॅन बोनिंग, अमेरिकेच्या साउथ डकोटातला, जन्मापासून ऐकायला कमी, कानाला यंत्र लावून खेळणारा. यूएस ओपन पाच वेळा जिंकला, पण जागतिक अजिंक्यपद हुलकावणी देत राहिलं. २०१५च्या फायनलमध्ये को पिन-यीकडून ११-१३. २०१६ला परत फायनल, ऑस्ट्रियाच्या अल्बिन ओशानकडून ६-१३. लागोपाठ दोन वर्षं विजेत्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा. मग २०२२, मिल्टन कीन्स. परत फायनल, परत ओशान. आणि स्कोअर १३-६, या वेळी व्हॅन बोनिंगच्या बाजूने.

ओशान तेव्हा गतविजेता होता, दोन वेळा जग जिंकलेला. म्हणून त्याच्याबद्दल कुओसारखं वाईट वाटत नाही. पण २०१६ आणि २०२२ हे दोन्ही सामने मी पाठोपाठ बघतो, आणि दोन्हींत व्हॅन बोनिंगकडेच बघतो, आधी खुर्चीत, मग टेबलावर. क्लबातल्या पोरांना परवाच सांगून आलोय की पुढच्या रविवारी माझ्याकडे या, मोठ्या टीव्हीवर दोन्ही लावतो, आणि ओशान ब्रेक करत असेल तेव्हा कोणी चहा आणायला उठायचं नाही.