सेंट पॉल्स ते कोव्हेंट गार्डन: लंडनमधल्या मृत्यूच्या नाचामागून

सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या उत्तरेला आज हिरवळ आहे, बाकं आहेत आणि दुपारी डबा घेऊन बसलेले ऑफिसातले लोक आहेत. १४३० च्या सुमारास इथे एक ओवरी होती आणि तिथे मृत्यूचा नाच रंगवलेला होता. त्या नाचात पोपपासून मजुरापर्यंत कुणाचीच सुटका नव्हती, प्रत्येकाला मृत्यू घेऊन चाललेला. टाउन क्लार्क जॉन कार्पेंटर यांनी खर्च केला. चित्रांखालच्या कविता जॉन लिडगेट या मठवासी कवीनं पॅरिसच्या दफनभूमीतल्या फ्रेंच ओळींवरून रचल्या होत्या. १५४९ मध्ये ड्यूक ऑफ सॉमरसेटनं ही ओवरी पाडायला लावली आणि तिचा दगड स्ट्रँड या रस्त्यावरच्या आपल्या नव्या वाड्याला वापरला. इथे उभं राहून हे आठवलं की राग येतो.

मला या दगडांच्या वाटेनंच जायचं होतं. लडगेट हिल उतरून, फ्लीट स्ट्रीट ओलांडून स्ट्रँडवर आलं की डावीकडे सॉमरसेट हाउस लागतं. आजची इमारत १७७६ नंतरची. ड्यूकचा वाडा तेव्हा जमीनदोस्त झाला. पण नव्या इमारतीत रॉयल अकॅडमी ही कलासंस्था आली. या अकॅडमीचा विद्यार्थी, व्यंगचित्रकार टॉमस रोलंडसन यानंच पुढे लंडनचा मृत्यू पुन्हा नाचवला, भिंतीवर नव्हे तर कागदावर.

तिथून थोडं पुढे, १०१, स्ट्रँड. रुडॉल्फ अ‍ॅकरमन या जर्मन माणसाचं चित्रांचं दुकान इथे होतं. नोव्हेंबर १८१३ मध्ये, लाइपझिगला नेपोलियन हरल्याची बातमी आल्यावर, दुकानाच्या दर्शनी बाजूला रोलंडसनचं मागून दिवे लावलेलं मोठं चित्र झळकलं. तोफेवर बसलेला मृत्यू आणि नगाऱ्यावर बसलेला नेपोलियन, दोघंही हनुवटीला हात लावून समोरासमोर. मला हे चित्र फार थोर वाटतं. त्यात शत्रूला शिवी नाही. एकाच धंद्यातले दोघं दमून बसलेत, इतकंच.

एप्रिल १८१४ पासून मार्च १८१६ पर्यंत अ‍ॅकरमननं रोलंडसनच्या चित्रांचं ‘द इंग्लिश डान्स ऑफ डेथ’ (इंग्लंडमधला मृत्यूचा नाच) हे पुस्तक महिन्याला तीन चित्रं अशा हिशेबानं काढलं. चोवीस भाग, बहात्तर चित्रं, शिवाय मुखचित्र आणि सजवलेलं शीर्षकपान. रोलंडसनच्या रेषा तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या जात, अ‍ॅक्वाटिंटनं म्हणजे पत्र्यावर आम्लानं छटा उठवण्याच्या पद्धतीनं, छाया येई आणि मग प्रत्येक प्रत हातानं रंगवली जाई. युस्टन रोडवरच्या वेलकम कलेक्शनच्या ग्रंथालयात मी ही पानं आदल्या दिवशी पाहिली होती. रंग अजून ओलसर वाटावेत इतके कोवळे आहेत.

भोंदू वैद्याच्या चित्रापाशी मी सर्वात जास्त रेंगाळलो. दुकानात रोग्यांची गर्दी, वैद्य रुबाबात औषध देतोय आणि पडद्यामागे मदतनीस म्हणून मृत्यू खलात काहीतरी कुटतोय. खलावर लिहिलंय ‘सावकाश चढणारं विष’. बहात्तर चित्रांतला मृत्यू असाच कामसू आहे. हनिमूनच्या चित्रात तो म्हाताऱ्या नवऱ्याचा पेला भरतो, तर तरुण बायको खिडकीतल्या प्रियकराकडे वळलेली. बर्फावर तो स्केट्स घालून उतरतो, जुगाराच्या टेबलाशी येतो. रोलंडसन स्वतः पक्का जुगारी होता, मोठा वारसा त्यानं त्यातच घालवला. ते टेबल त्यानं ऐकीव माहितीवर काढलेलं नाही, हे बघताक्षणी कळतं.

चित्रकार विल्यम होगार्थचं १७५१ चं ‘जिन लेन’ मी अनेकदा पाहिलंय. जिन पिऊन हाडांचा सापळा झालेला माणूस, आईच्या हातून निसटणारं मूल. विलक्षण ताकदीचं चित्र आहे, पण तिथे मृत्यू गरिबांना शिक्षा करायला येतो. रोलंडसनचा मृत्यू कुणाला धडा शिकवत नाही. तो खादाडाच्या पंगतीत जातो तसाच पुराणवस्तू जमवणाऱ्याच्या खोलीत जातो. पाडलेल्या ओवरीतली समता मला त्याच्यातच परत भेटली, म्हणून मला तो होगार्थपेक्षा जवळचा.

सोबतच्या कविता विल्यम कूम यांच्या. वय सत्तरीपुढे, कर्जापायी किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत अडकलेले. शीर्षकपानावर त्यांचं नावही नाही, फक्त ‘डॉक्टर सिंटॅक्सचा लेखक’, म्हणजे त्यांच्याच आधीच्या एका विनोदी काव्याच्या नावानं ओळख. कविता पसरट आहेत, चित्र चार रेषांत सांगतं ते त्या दोन पानं सांगत राहतात. तरी अशा हालात त्या माणसानं महिन्यामागून महिना पुरवठा केला, याबद्दल मनात आदर आहे.

स्ट्रँडच्या नदीकडच्या उतारावर अ‍ॅडेल्फी. रोलंडसनचं शेवटचं घर या भागात होतं. एप्रिल १८२७ मध्ये तो गेला आणि कोव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये (कॅथीड्रल नव्हे, त्याच नावाचं दुसरं चर्च) त्याला पुरलं. अंत्ययात्रेत तरुणपणचे दोन मित्र होते, नट जॅक बॅनिस्टर आणि तलवारबाजीचे शिक्षक हेन्री अँजेलो. तिसरे अ‍ॅकरमन.

कुणी जाणार असाल तर पुस्तक आधी पाहा, रस्ता नंतर चाला. वेलकमच्या संकेतस्थळावर पानं फुकट बघायला मिळतात, पण खरा कागद बघायचा असेल तर ग्रंथालयात आधी मागणी नोंदवून ठेवा.